नोड कमी, रेघ बंद: इंकस्केपमध्ये पहिला बॅज

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही चादरीचा ग्राफ माहीत असतो. चौकोनी कागदावर एकेक घर रंगवून मोर, कमळ, कोयरी काढायची आणि त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, कार्डं पंच करायची. घर भरलं तर धागा वर, नाही भरलं तर खाली. मोबाइलमधला फोटोही असाच घरांचा असतो. त्या घराला पिक्सेल म्हणतात. ग्राफवरचा मोर दुप्पट मोठा करायचा तर घरं मोठी होतात आणि मानेची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसते. फोटो ताणला की तो फुटतो, तो याच कारणाने.

इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये काढतो त्या चित्राला व्हेक्टर म्हणतात. व्हेक्टरमध्ये घरं नसतात. इथे चित्र म्हणजे काही बिंदू आणि त्या बिंदूंमधून रेघ कशी वळते याचं गणित. मोठं केलं की गणित पुन्हा मांडलं जातं, म्हणून कडा साफच राहते. शर्टाच्या खिशावरचा सहा सेंटिमीटरचा बॅज आणि शाळेच्या कमानीवरचा दहा फुटी फ्लेक्स एकाच फाइलमधून निघू शकतात.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यांसाठी बॅज, मोनोग्राम आणि रेडियम कटिंगची डिझाइनं करते आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलामुलींना शिकवते. त्यांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगते. आपलं चित्र पडद्यावर थांबत नाही. ते पुढे प्लॉटरच्या, म्हणजे रेडियम कापणाऱ्या यंत्राच्या पात्याखाली, एम्ब्रॉयडरीच्या सुईखाली किंवा छपाईच्या प्लेटवर जातं. पात्याला रंग दिसत नाही, सावली दिसत नाही, फक्त रेघ दिसते. म्हणून रेघेवर बिंदू कमीत कमी हवेत आणि आकार बंद हवा. बाकीचं शिकणं यातूनच पुढे येतं.

ही वळणदार रेघ मुळात यंत्रासाठीच घडली आहे. १९५९ मध्ये सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी आणि १९६० च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याची वळणं गणितात बसवली. ती वळणं यंत्राला सांगता यावीत हा हेतू होता. आपण पेन टूलने ओढतो ती रेघ बेझिए यांच्या नावानेच ओळखली जाते.

कोणतं सॉफ्टवेअर

आपल्याकडच्या प्रेसमध्ये, फ्लेक्सवाल्याकडे, रेडियमवाल्याकडे सगळीकडे कोरल ड्रॉ चालतं. १९८९ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, कामाला उत्तम आहे आणि पुढे नोकरीला जाल तेव्हा शिकावंच लागेल. पण सुरुवात इंकस्केपने करा. ते २००३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. इंकस्केप डॉट ऑर्ग या त्यांच्याच साइटवरून उतरवा. चोरीचं कोरल कुणी पेनड्राइव्हमध्ये आणून दिलं तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो, आणि ज्या हत्यारावर पोट भरायचं ते आपलं असावं. बिंदू, हँडल (बिंदूतून निघणारी, रेघ वळवायची दांडी), जोडणं, वजा करणं हे सगळं दोन्हीकडे सारखंच असतं, फक्त बटणांच्या जागा बदलतात.

मेनू इंग्रजीतच ठेवा. शिकवणारे व्हिडिओ बहुतेक त्याच नावांनी बोलतात.

पान मांडणं

नवीन फाइल उघडली की कंट्रोल+शिफ्ट+डी दाबा. एकक मिलिमीटर करा, पान १०० बाय १०० करा. पिक्सेलमध्ये काम सुरू केलं की शेवटी "बॅज केवढा?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. मग # दाबून ग्रिड, म्हणजे मदतीची चौकोनी जाळी, चालू करा, ग्रिडचं एकक मिमी आणि अंतर ५ ठेवा, आणि स्नॅपिंग, म्हणजे बिंदू ग्रिडला आपोआप चिकटणं, चालू आहे ना ते पाहा. % या कीने स्नॅपिंग चालू-बंद होतं. अनेकांकडून ती की चुकून दाबली जाते आणि "अक्का, रेघ चिकटंना झालीय" अशी हाक येते.

हत्यारं पाचच लक्षात ठेवा. एस म्हणजे निवडायचा बाण, एन म्हणजे नोड टूल (नोड म्हणजे रेघेवरचा बिंदू), बी म्हणजे पेन, ई म्हणजे गोल, टी म्हणजे अक्षरं. माउसचं मधलं चाक दाबून पान सरकवायचं, कंट्रोल धरून चाक फिरवलं की जवळ-लांब. ५ दाबलं की पूर्ण पान समोर येतं. उजव्या हातात माउस, डावा हात कायम कीबोर्डवर. ही सवय लागेपर्यंत रंगांकडे वळूही नका.

ढाल: अर्धीच काढायची

शाळेच्या बॅजला बहुधा ढालीचा आकार असतो. पूर्ण ढाल हाताने काढली तर डावी-उजवी बाजू सारखी येत नाही, आणि ते शिवणाऱ्याच्या नजरेत आधी भरतं. म्हणून अर्धीच काढा.

पेन घ्या. वरच्या कडेच्या मध्यावर, ग्रिडच्या बिंदूवर पहिला क्लिक. तिथून डावीकडे ३० मिमीवर दुसरा. खाली ५५ मिमीवर तिसरा. आता चौथा बिंदू ढालीच्या टोकाचा: पहिल्या बिंदूच्या बरोबर खाली ७५ मिमीवर. इथे क्लिक करून बटण सोडू नका, दाबून उजवीकडे आणि किंचितच खाली ओढा. मागची रेघ फुगायला लागेल. हवा तेवढा फुगवटा आला की सोडा आणि एंटर दाबा. चार बिंदूंत अर्धी ढाल झाली.

आता एस दाबून तिला निवडा, कंट्रोल+डी ने नक्कल काढा, एच दाबा म्हणजे ती आरशातल्यासारखी उलटेल. कंट्रोल धरून उजवीकडे सरकवा, वरचे मधले दोन बिंदू एकमेकांवर चिकटले पाहिजेत. दोन्ही अर्धे निवडून कंट्रोल+के. पडद्यावर काहीच बदललेलं दिसणार नाही, पण आता ते एकच पाथ, म्हणजे एकच रेघाकृती, आहे.

तरी ढाल अजून उघडीच आहे. वर मध्यावर दोन बिंदू एकावर एक बसलेत, खाली टोकालाही तसंच. डोळ्याला एकच दिसतो. एन दाबा, वरच्या जागेभोवती माउसने छोटी चौकट ओढून दोन्ही बिंदू पकडा आणि शिफ्ट+जे. दोनाचा एक होईल. खालीही तसंच करा. वरचा मधला बिंदू सरळ रेघेवर आहे, त्याचं काही काम नाही, डिलीट करा. ढालीला पाच बिंदू उरले पाहिजेत: वरचे दोन कोपरे, बाजूंचे दोन, खालचं टोक.

ही जोडणी टाळून पुढे गेलात तरी स्क्रीनवर रंग व्यवस्थित भरलेला दिसतो. म्हणूनच मी इथे इतकी थांबते. प्लॉटरचं पातं मात्र त्या जागी एका अर्ध्याचं कटिंग संपवून उचललं जातं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा टेकतं. तिथे रेडियम केसभर जरी न कापलेलं राहिलं, तरी सोलताना नेमकं तिथून फाटतं.

कोयरी: बिंदू कुठे ठेवायचे

ढालीच्या मध्यभागी कोयरी घेऊ. ती आपल्या साड्यांवर, चादरींवर, रांगोळीत सगळीकडे आहे, आणि वळण शिकायला याहून चांगला आकार मला माहीत नाही.

नवखा माणूस वळणावरून चालत गेल्यासारखा क्लिक करत जातो आणि कोयरीला वीसेक बिंदू होतात. प्रत्येक बिंदूपाशी रेघ किंचित मोडते आणि पोट खडबडीत दिसतं. चार बिंदू पुरतात: पोटाचा सगळ्यात डावा भाग, सगळ्यात खालचा, सगळ्यात उजवा, आणि वरचं वळलेलं टोक. वळण जिथे दिशा बदलतं, म्हणजे आकाराचा सगळ्यात बाहेरचा भाग येतो, तिथेच बिंदू ठेवायचा.

डावीकडच्या बिंदूवर क्लिक करून कंट्रोल धरून हँडल सरळ खाली ओढा. खालच्या बिंदूवर सरळ उजवीकडे. उजव्या बिंदूवर सरळ वर. टोकावर नुसता क्लिक करा आणि परत पहिल्या बिंदूवर येऊन आकार बंद करा. हँडलची लांबी पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश धरा. त्याहून फार लांब झालं तर पोटाला टेंगूळ येतं, फार आखूड झालं तर रेघ चपटी पडते.

पहिल्यांदा आकार ओबडधोबड येईल. एन दाबा आणि आता बसा निवांत. पोटाच्या तिन्ही बिंदूंवर शिफ्ट+एस, म्हणजे ते गुळगुळीत होतील, एक हँडल हलवलं की समोरचं त्याच रेषेत फिरेल. टोकावर शिफ्ट+सी, म्हणजे तिथे टोकदार कोपरा राहील आणि दोन्ही बाजूंच्या रेघा वेगवेगळ्या वळवता येतील. टोक एका बाजूला झुकवायचं तर टोकाचा बिंदू सरकवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मधोमध पकडून ओढा. नवा बिंदू टाकायचा मोह इथेच होतो. टाकू नका, हँडलनेच होतं. मुलं या एका कोयरीवर पूर्ण संध्याकाळ घालवतात आणि मी घालवू देते, कारण चार बिंदूंत कोयरी बसली की पेन टूल आलं.

फूल हवं असेल तर हीच कोयरी पाकळी म्हणून वापरा. निवडलेल्या कोयरीवर पुन्हा एकदा क्लिक केलं की कोपऱ्यांवर फिरवायचे बाण येतात आणि मधोमध एक छोटी फुली. ती फुली ओढून टोकावर ठेवा. मग कंट्रोल+डी, आणि कंट्रोल धरून फिरवा. ती १५ अंशांच्या टप्प्याने फिरते, तीन टप्पे म्हणजे ४५ अंश. आठ पाकळ्यांत फेरा पूर्ण.

शाळेचं नाव आणि तुटणारी शिरोरेषा

इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हा भाग कुठेच सापडत नाही, आणि सोलापुरात काम करायचं तर याच्याशिवाय भागत नाही.

आधी फॉन्ट. युनिकोड फॉन्ट घ्या. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आहेत, जोडाक्षरं नीट येतात. बॅजसाठी जाड वजनाचा घ्या. बारीक रेघेचा फॉन्ट पत्रिकेवर शोभतो, सुईखाली टिकत नाही. जुन्या डीटीपीतले फॉन्ट वेगळ्या पद्धतीचे आहेत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते नसले की नावाच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.

आता नाव कमानीत बसवू. ई ने गोल काढा, कंट्रोल धरला की बरोबर गोल येतो. टी ने "सोलापूर" लिहा. दोन्ही निवडून टेक्स्ट मेनूतलं पुट ऑन पाथ. अक्षरं गोलावर चढतील आणि लगेच दिसेल की शिरोरेषा तुटली. सो, ला, पू, र सुटे सुटे उभे.

याचं कारण समजून घ्या. अक्षरांचे पाय गोलावर टेकलेत आणि डोकी बाहेर पसरलीत. इंग्रजी अक्षरं पायाशी ओळीत असतात, डोकी सुटी असली तरी बिघडत नाही. आपली अक्षरं डोक्याशी जोडलेली असतात. समजा गोलाची त्रिज्या २५ मिमी आणि शिरोरेषा त्याच्या ८ मिमी वर आहे. म्हणजे वरच्या कमानीची त्रिज्या ३३ झाली. खाली ८ मिमी रुंदीचं अक्षर वर साडेदहा मिमी जागा मागतं, आणि प्रत्येक अक्षरामागे सुमारे अडीच मिमीची फट पडते. गोल १०० मिमी त्रिज्येचा असता तर फट अर्ध्या मिमीच्या थोडीच वर गेली असती. म्हणून मोठ्या फलकावर हे खटकत नाही आणि खिशाच्या बॅजवर लगेच दिसतं.

उपाय असा. त्याच केंद्रावर दुसरा गोल काढा, त्याची रेघ बरोबर शिरोरेषेवरून जाईल एवढा. ई टूलच्या वरच्या पट्टीत आर्क निवडा आणि गोलावरची छोटी हँडलं सरकवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचीच कमान ठेवा. फिल (आतला रंग) काढा, स्ट्रोकची (कडेच्या रेघेची) जाडी शिरोरेषेएवढी करा. सो ची मात्रा कमानीच्या वर राहील, पू चा उकार खाली, आणि चारही अक्षरं एका अखंड वळणदार शिरोरेषेला लटकतील. शब्द दोन असतील तर कमानीही दोन, मधली जागा मोकळी सोडा. नाव गोलाच्या खालच्या बाजूला, डोकी आत करून लिहायचं असेल तर उलट होतं, शिरोरेषा एकमेकांवर चढतात. तो त्रास कमी, पुढच्या पायरीत मिटतो.

कर्व्ह करणं आणि एकत्र करणं

प्रेसवाला म्हणतो "कर्व्ह करून द्या", ते हेच. अक्षरं अजून टाइप केलेली आहेत, ती आकारात बदलायची. त्याआधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण एकदा कर्व्ह केलं की स्पेलिंग सुधारता येत नाही. मुख्याध्यापक छपाईच्या आदल्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ सांगतात, तेव्हा ती जुनी फाइलच कामाला येते.

नाव निवडून कंट्रोल+शिफ्ट+सी. मग कंट्रोल+शिफ्ट+जी ने गट सोडवा. कमानीला कंट्रोल+आल्ट+सी द्या, म्हणजे स्ट्रोकची जाडीही आकार होईल. हे विसरलं तर प्लॉटर जाडी पाहत नाही, मधून एकच चीर मारतो.

आता व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोड, आउटलाइन. रंग जातील आणि नुसता सांगाडा दिसेल. अक्षरं, मात्रा आणि कमान जिथे एकमेकांवर चढलीत तिथे आडव्या-उभ्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतील. रंगात हे लपलेलं असतं. या अवस्थेत फाइल कटिंगला गेली तर पातं प्रत्येक छेदावर कापतं आणि "सोलापूर" चे तुकडे हातात येतात. नाव सरळ ओळीत असलं तरीही हे होतं, कारण शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवूनच फॉन्ट बनवलेला असतो.

सगळं निवडा, कंट्रोल धरा आणि अधिक चिन्हाची (+) की दाबा. याला युनियन म्हणतात, सगळे आकार एक होतात. आतल्या सगळ्या छेदरेघा जातील, बाहेरची एकच कडा राहील. प च्या आतली मोकळी जागा शाबूत आहे ना ते पाहा. हा सांगाडा साफ दिसला की काम झालं. माझ्याकडून कोणतीही फाइल आउटलाइन पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

तेलुगू किंवा कन्नडमध्ये शिरोरेषा नाही, म्हणून कमानीवर ते नाव सोपं जातं. तरी युनियन त्यांनाही लागतंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो

निम्मं काम असंच येतं: जुन्या वहीच्या कव्हरचा फोटो, तोही चार ठिकाणी फॉरवर्ड होऊन आलेला. पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप आहे, एका दाबात व्हेक्टर करून देतं. काळ्या शाईची साफ सही किंवा ठसा असेल तर जरूर वापरा. धूसर फोटोवर वापरलं तर डागाचाही आकार होतो आणि शेकडो बिंदूंचं जाळं पदरात पडतं. ते साफ करण्यापेक्षा नव्याने काढणं लवकर होतं. फोटो एका लेयरवर (थरावर) ठेवा, फिकट करा, लेयरला कुलूप लावा, आणि वरच्या लेयरवर पेनने कोयरीसारखंच काढा. देणाऱ्याला सांगा की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करत नाही.

कुणाला काय द्यायचं

आपल्याकडे कायम एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाइल, ठेवा, टाइप केलेल्या नावाची एक आणि कर्व्ह केलेली एक.

ऑफसेट आणि फ्लेक्सवाल्याला पीडीएफ द्या. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी रंगांत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) असते आणि छपाई सीएमवायके शाईत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) होते, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा कागदावर दबतो. शाळेचा रंग ठरलेला असेल तर एक नमुना छापून मागा, पडद्यावर बोट ठेवून रंग पक्का करू नका. छापून कापायचं असेल तर पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर वाढवून द्या. कटिंगवाल्याला आधी फोन करून विचारा, कुणी ईपीएस प्रकारची फाइल मागतो, कुणी डीएक्सएफ. दोन्ही सेव्ह अ‍ॅज मध्ये मिळतात. उघडल्यावर रुंदी बरोबर ६० मिमी येते का, हे त्याच्यासमोर एकदा मोजून घ्या.

एम्ब्रॉयडरीला नुसतं व्हेक्टर पुरत नाही. टाके कोणत्या दिशेने, किती दाट, हे वेगळं सांगावं लागतं. ते करणारं इंक/स्टिच हे मोफत एक्स्टेन्शन (जोडून वापरायचं सॉफ्टवेअर) इंकस्केपमध्येच बसतं आणि मशीनला लागणारी डीएसटी फाइल काढून देतं. कोयरी चार बिंदूंत साफ काढलेली असेल तर त्यात टाके सुरेख वाहतात. अक्षरं मात्र ५ मिमीपेक्षा लहान ठेवू नका, वेलांटी आणि उकार धाग्यात बुजतात. नाव लांब असेल तर शाळेला आधीच सांगा, बॅजवर आद्याक्षरं घ्या आणि पूर्ण नाव खिशाच्या वर सरळ ओळीत टाका.